उसाच्या फडातली साळवे बाईंची शिकवणी

दिवाळीचा फराळ संपायच्या आतच आमचं गाव रिकामं व्हायला लागायचं. डब्यांच्या तळाशी चकलीचा चुरा अजून असायचा आणि वेशीजवळ ट्रक येऊन उभा राहायचा. भांडी, गोधड्या, कोंबड्या, एखादी शेळी असं सगळं त्यात चढायचं, मागून माणसं चढायची आणि पाथर्डी तालुक्यातलं आमचं अर्धं गाव कोपरगावकडं ऊस तोडायला निघायचं. माझे आईवडीलही त्यातच असायचे. ट्रक वळणापलीकडे गेला तरी त्याचा आवाज बराच वेळ ऐकू यायचा, आणि तो थांबला की इतकं शांत व्हायचं की शेजारच्या मोरीत पडणारी पाण्याची धार ऐकू यावी. मला त्या शांततेचा भारी राग यायचा. आजही नगरला सावेडीतल्या फ्लॅटमध्ये दुपारी वीज गेली आणि पंखे, टीव्ही, लिफ्ट सगळं एकदम गप्प झालं, की मी उगाच भांडी वाजवत बसते.

मागे उरायचो आम्ही तिघी. मी, धाकटी सुमन आणि आमची आत्या. आत्या म्हणजे तात्यांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच ती माहेरी परत आली होती आणि तेव्हापासून घर तिच्याच आवाजावर चालायचं. पहाटे जातं नसलं तरी तिची जीभ सुरू असायची. कोंबड्यांना, सुमनला, चुलीला, न पेटणाऱ्या लाकडांना ती एकाच सुरात बोलायची. पण हुलग्याची शेंगोळी करावीत तर तिनंच. तळहातावर वळलेली, लसूण आणि लाल मिरचीच्या आळणात रटरटलेली, वर कच्च्या तेलाची धार. ती खाताना नाक पुसावं लागायचं आणि थांबवतही नसे. माझ्या सुनेनं मोबाईलवर बघून परवा केली होती. चांगली झाली होती, पण नाक पुसावं लागलं नाही.

आमच्या हायस्कूलमध्ये तोवर इंग्रजी म्हणजे पाढ्यांसारखा विषय होता. आधीचे सर उभयान्वयी अव्ययांची यादी आमच्याकडून ओरडून म्हणवून घ्यायचे. अँड, बट, ऑर, सो, बिकॉज, ऑलदो, अनलेस. आम्ही ती इतक्या जोरात म्हणायचो की रस्त्यानं जाणारा गुराखी थांबून ऐकायचा. एकाही शब्दाचं काय करायचं ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दहावीला इंग्रजीत पास होणारी पोरं वर्षाला दोनचार असायची. मी नववीतून दहावीत गेले त्या वर्षी सर बदलून गेले आणि साळवे बाई आल्या. नगरच्या होत्या, पंचविशीच्या असतील. सावळ्या, काटक, खांद्याला शबनम पिशवी. आवाज बारीक, पण शेवटच्या बाकाला नीट ऐकू जायचा.

पहिल्याच तासाला आम्ही हौसेनं यादी ओरडून दाखवली. बाईंनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "छान. आता आज सकाळी घरात घडलेल्या दोन गोष्टी सांगा, आणि यातला एक शब्द वापरून जोडा." आम्ही वह्या चाळायला लागलो. शेवटी वर्गातला हुशार मुलगा उठला आणि गाईडमधलं वाक्य त्यानं म्हणून दाखवलं. राम इज अ बॉय अँड सीता इज अ गर्ल. बाईंनी विचारलं, "हा राम कुठं राहतो?" तो गोंधळला. "तुझ्या ओळखीचा आहे का? मग त्याच्याबद्दल कशाला बोलतोस? वाक्य खरं पाहिजे. तुझ्या घरातलं पाहिजे." हा त्यांचा एकमेव नियम होता आणि तो त्यांनी वर्षभर मोडू दिला नाही. इंग्रजी चुकलं तर त्या हसून सोडून द्यायच्या, खोटं वाक्य आलं तर मात्र खाली बसवायच्या. मी पुढं तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, नाना प्रशिक्षणं केली, चकचकीत फलक लावले. याच्यापेक्षा चांगली युक्ती मला कुणी दिली नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी बाईंनी 'अँड' घेतला. माय मदर अँड फादर एवढं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि पुढचं आम्हाला पूर्ण करायला सांगितलं. एकेक जण उठत गेला. माय मदर अँड फादर आर इन कोपरगाव. दुसरा उठला, तेच. तिसरी उठली, तेच. कुणाचे संगमनेरकडं होते, कुणाचे श्रीरामपूरकडं, एवढाच फरक. बाई आधी प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, मग खडू हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. नगरच्या पोरीला हे ऐकून माहीत असेल, पण वर्गात असं रांगेनं उभं राहिलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं असणार. त्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी एका घरी जायला लागल्या.

आमच्याकडं आल्या तेव्हा आत्यानं त्यांना चहा दिला, तो कान तुटलेल्या कपात. बाई बौद्ध होत्या आणि आत्याला ते आडनावावरून कळलं होतं. घरात चार धड कप होते. बाईंनी तो कप दोन्ही हातांत धरून चहा संपवला, शेंगोळ्यांचा वास कसला येतोय ते विचारलं आणि माझ्या वहीबद्दल बोलून गेल्या. मी काहीच बोलले नाही. पंधरा वर्षांची होते हे खरं, पण मला कळत होतं हेही तितकंच खरं. त्या कपाची लाज मला आजतागायत वाटते.

संक्रांतीच्या सुमाराला एक ट्रकवाला निरोप घेऊन आला. तोडताना आईच्या नडगीवर कोयता बसला होता. टाके पडले होते, जिवाला धोका नव्हता, पण महिना दीड महिना तिला उभं राहता येणार नव्हतं. "थोरलीला धाडा," एवढा निरोप. आमच्या लोकांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, पण इतरांसाठी लिहिते. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, मग दोघं डोक्यावरून नेऊन ट्रक भरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी ठेवत नाही. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. आत्यानं माझी पिशवी भरली, बाजरीच्या भाकरी बांधल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती काही बोलली नाही. मी पिशवीच्या तळाशी इंग्रजीची वही घातली, पण ती उघडेन असं मला स्वतःलाच वाटत नव्हतं.

उसाच्या पाचटाची, म्हणजे वाळलेल्या पानांची कोपी, आत शिरताना वाकावं लागेल एवढीच झोपडी. तिच्या दारात आई पाय पसरून बसलेली असायची आणि तशीच बसून भाकरी थापायची. कारखान्याचा भोंगा झाला की टोळी उठायची. थंडीत उसाच्या पानांवर दव असायचं आणि पहिल्या तासाभरात बाह्या कोपरापर्यंत भिजायच्या. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची तिथल्या बायकांची पद्धत होती. मी परकरावर तात्यांचा शर्ट घालायचे. तात्या तोडत पुढं जायचे, मी मागून मोळ्या बांधायचे. यमुनाकाकू म्हणून शेजारच्या कोयत्यातली बाई होती, तिनं मला शिकवलं. "वाढ्यानं बांद, पोरी. हिरवा शेंडा घे, पीळ दे आन् गुडघ्यानं दाब. पाचट घेशील तर तुटंल." आठ दिवसांत माझी मोळी बरी बसायला लागली. तेवढ्यात मला शाळा आठवेनाशी झाली हे मी कबूल करते. थकव्यात एक सुखही असतं, काही ठरवावं लागत नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारी फडाच्या बांधावरून कुणीतरी शबनम लावलेली बाई चालत येताना दिसली. मला आधी वाटलं सर्वे करायला कुणी आलंय. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई नगरला आईकडं मुक्कामी गेल्या होत्या, पहाटेच्या गाडीनं कोपरगाव, तिथून कारखान्याच्या रिकाम्या बैलगाडीत बसून विचारत विचारत आमच्या फडापर्यंत. त्या म्हणाल्या, "बांधणं थांबवू नकोस. तुझं चालू दे. मी बोलते." आणि माझ्या बाजूनं पाचटातून चालत त्यांनी धडा सुरू केला. "आत्ता काय केलंस?" "मोळी बांधली." "का?" "ट्रक येणार हाय." "मग जोड." मी पीळ देता देता म्हटलं, आय टाय द केन बिकॉज द ट्रक इज कमिंग. बाई थांबल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी पुढं कितीतरी वर्षं माझ्या वर्गात शोधत होते.

यमुनाकाकूला राहवेना. "बाई, आमचंबी एक जोडा की." "सांगा." काकूनं टोळीच्या मुकादमाकडं एक नजर टाकली आणि आवाज चढवून सांगितलं, "मुकादम वरडतो. आमी ऐकत न्हाई." बाया हसायला लागल्या. बाईंनी अगदी गंभीरपणे जोडून दिलं, मुकादम शाउट्स बट वी डू नॉट लिसन. पुढचे आठ दिवस फडात तेच चाललं होतं. एका टोकाकडून एक बाई "मुकादम शाउट्स" म्हणायची आणि दुसऱ्या टोकाकडून पाचसहा जणी "बट वी डू नॉट लिसन" असा सूर लावायच्या. मुकादम आमच्याच तालुक्यातला, लांबच्या नात्यानं माझा मामा. त्याला अर्थ कळत नव्हता, आपलं नाव मात्र कळत होतं. बिचारा प्रत्येकीला विचारत हिंडला.

बाई दर रविवारी येत राहिल्या. दुपारी आईबरोबर कोपीत जेवायच्या. आई परातीतच भाकरी कुस्करायची, वर बेसन ओतायची आणि दोघी एकाच परातीत जेवायच्या. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाई मुकादमासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांवर परीक्षा आली होती. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि म्हणाला, "बाई, तुमचं समदं खरं हाय. पोरगी हुशार हाय, मला काय दिसत न्हाई व्हय? पर अर्ध्या कोयत्यावर गाडी भरत न्हाई. तिला न्या, पर बदली मानूस द्या." बाई म्हणाल्या, "आजच्या दिवस बदली मी आहे. तिला तीन तास द्या." त्यांनी मला एका बैलगाडीखालच्या सावलीत बसवलं, मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि स्वतःचं घड्याळ समोर ठेवलं आणि पदर खोचून तात्यांच्या मागं मोळ्या बांधायला गेल्या.

मी लिहीत होते, पण एक डोळा तिकडं होता. बाई पटापट बांधत होत्या, आमच्यापेक्षाही पटापट, आणि मला कौतुक वाटत होतं. संध्याकाळी ट्रक आला, तात्यांनी पहिली मोळी उचलून डोक्यावर घेतली आणि ती मधोमध सुटून ऊस सगळा त्यांच्या खांद्यावरून खाली घरंगळला. दुसरीही तशीच, तिसरीही. बाईंनी पायाखालचं वाळलेलं पाचट उचलून बांधलं होतं. पाचट दिसायला लांबलचक आणि हाताला मऊ, हिरवं वाढं धारेचं आणि कापणारं. न कळणारा माणूस पाचटच उचलणार. पन्नाससाठ मोळ्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला, मुकादमानं कपाळाला हात लावला, आणि बाई ढिगाशेजारी उभ्या राहिल्या. त्यांना इतकं शरमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कान तुटक्या कपापुढंही त्या अशा झाल्या नव्हत्या.

यमुनाकाकू पुढं आली. तिनं वाढ्यांचा एक भारा बाईंच्या पायाशी टाकला आणि खाली बसून बांधायला लागली. मग तिची जाऊ बसली. मग पलीकडच्या कोयत्यातल्या दोघी. बांधता बांधताच काकू मुकादमाला म्हणाली, "आरं, ही बाई नगरास्नं हितवर येती दर ऐतवारी. तिला बांदता येत न्हाई तरी बांदती. आन् आमाला येतंय, तर आमी बगत बसावं व्हय? ह्या पोरीच्या वाटच्या मोळ्या समद्याजनी मिळून उरकू. जाऊ दे तिला." मुकादमानं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. म्हणाला, "जमतंय तवर जमवा. न्हाई जमलं तर म्या निरोप धाडीन, मग माज्यावर रागवू नका." दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावाकडच्या गाडीत बसले.

इंग्रजीचा पेपर शनिवारी होता. बाई परीक्षेच्या ठिकाणी नव्हत्या. त्यांच्याच विषयाचा पेपर, म्हणून त्यांना येऊ दिलं नसणार असं मी धरून चालले. पेपर मला आला. नुसता आला नाही, लिहिताना मजा आली. मंगळवारी गणित होतं आणि गणितात मी जेमतेम पास व्हायचे, पण मला आधी आईला सांगायचं होतं. आत्या ओरडली, मग दशम्या बांधून दिल्या. रविवारी पहाटे मी एसटीत बसले आणि बाराच्या सुमाराला फडाशी उतरले; तोड आता रस्त्याकडेच्या फडात आली होती.

ट्रक भरणं चाललं होतं. ट्रकला लावलेल्या फळीवरून एक बाई डोक्यावर मोळी घेऊन वर चढत होती. तात्यांचा जुना शर्ट घातलेला, जो मी घालायचे तोच. मला वाटलं, आई उठली! मी धावले. फळीच्या टोकाशी पोचून तिनं मोळी ट्रकात टाकली, वळली, आणि बघते तर साळवे बाई. ओठ सुकलेले, कपाळावर पानांचे ओरखडे. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला नाही, उलट कडक झाला. फळीवरूनच त्या म्हणाल्या, "परवा गणित आहे ना? इथं काय करतेस?"

तात्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. यमुनाकाकूचा नवरा तापानं पडला होता, ती त्याला घेऊन गावी गेली होती. आणखी एक कोयता निघून गेला होता. बाकीच्यांना स्वतःचंच उरकेना. मुकादमानं बुधवारी शाळेच्या फोनवर निरोप दिला होता, पोरीला लगेच धाडा म्हणून. फोन बाईंनीच घेतला होता. त्यांनी तो ना मला सांगितला, ना आत्याला. रजा टाकली आणि गुरुवारी स्वतः येऊन दाखल झाल्या. "चौथा दिस हाय आज," तात्या म्हणाले. "म्या लई सांगितलं, बाई, तुमी नगा, मास्तरीन मानूस तुमी. मुकादम तर म्हनला, तुमचं न् ह्यांचं नातं काय, त्ये तरी सांगा. तर म्हनल्या, माजी पोरगी पेपरला बसलीया." एवढं बोलून तात्यांनी तोंड फिरवलं. माझ्या बापाला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मी शर्टाची बाही धरली आणि म्हटलं, "बाई, द्या इकडं, मी भरते." त्यांनी माझा हात झटकून टाकला. जोरात झटकला, लागलं मला. "हात लावायचा नाही. आईला भेट, दोन घास खा आणि दोनच्या गाडीनं परत जा. गाडीत उदाहरणं सोडव." मी कोपीत जाऊन आईला पेपर कसा गेला ते सांगितलं, आत्याच्या दशम्या तिथंच ठेवल्या आणि दोनच्या गाडीनं परत निघाले. खिडकीतून ट्रक दिसत होता आणि त्याच्या फळीवरून एकामागून एक चढणारी माणसं दिसत होती. त्यांतल्या बाई कोणत्या ते लांबून ओळखू येईना. मी वही मांडीवर उघडली. गाडी हलत होती, आकडे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी उदाहरणं सोडवत होते.

निकाल लागला तेव्हा मला इंग्रजीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते, आणि गावात त्याचंच कौतुक झालं. पुढं नोकरीच्या मुलाखतीत एका साहेबांनी गुणपत्रिकेवर बोट ठेवून हसत विचारलं होतं, "इंग्रजी एवढं चांगलं, मग गणितात एक्केचाळीसच कसे?" मी त्यांना म्हटलं, "साहेब, त्याला 'च' लावू नका." त्यांना वाटलं मी उद्धट आहे. नोकरी त्या वर्षी मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी मिळाली. पण त्या एक्केचाळीस मार्कांना मी आजवर कुणालाही कमी म्हणू दिलेलं नाही.